आजीचा चित्रपट परक्याने का बघावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहराच्या चित्रपट महोत्सवात यंदा ‘कुटुंब, ओळख, वारसा’ असा विभाग ठेवलाय. निवडीची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलीय. प्रवेशिका ढीगभर, जवळपास सगळ्या मनापासून केलेल्या, पण विसाव्या चित्रपटानंतर सगळे सारखेच वाटायला लागतात. निवडायचं कशाच्या जोरावर, आणि निवडलेलं दाखवायचं कसं?

सारखे वाटतात याचा दोष तुमच्या थकव्याला देऊ नका. ते सारखेच असतात. मी अठरा वर्षं निवड समित्यांवर बसतोय आणि या विभागातल्या निम्म्या प्रवेशिकांची सुरुवात न बघता सांगू शकतो. सुरकुतलेले हात. खिडकीतून तिरपा उजेड. जुना अल्बम, चिकटलेलं पान सुटतानाचा चरचर आवाज, एका फोटोवर येऊन थांबलेलं बोट. मागे पियानो. मग निवेदन सुरू होतं: आजी गेली तेव्हा कळलं की मी तिला कधी ओळखलंच नव्हतं. आमच्या समितीत आम्ही अशा चित्रपटांना आपसात ‘हातपट’ म्हणतो. थट्टा आहे, पण दुष्टपणाची नाही. आमच्यातल्या दोघांनी स्वतः हातपट केलेले आहेत, त्यातला एक मी.

करणाऱ्याचं त्या हातांवर प्रेम असतं आणि ते प्रेम प्रेक्षकालाही आपोआप वाटेल असं तो धरून चालतो. थिएटरात बसलेल्या परक्या माणसाचं तुमच्या आजीशी काही देणंघेणं नाही. त्याला स्वतःची आजी होती. तुमच्या आजीपाशी त्याने वीस मिनिटं थांबावं असं काय आहे, याचं उत्तर चित्रपटात असायला हवं, आणि ‘ती माझी आजी आहे’ हे ते उत्तर होऊ शकत नाही.

मी चित्रपट बघताना शेजारी वही ठेवतो. पहिल्या दहा मिनिटांत एका प्रश्नाचं उत्तर लिहितो: या घरात कोण बोलत नाहीये? उत्तर लिहिता आलं तर पुढे बघतो. नाही लिहिता आलं तरी पुढे बघतो, नियमच तसा आहे, पण मनात निकाल बहुतेक लागलेला असतो. प्रत्येक घरात कुणीतरी गप्प असतं. कधी ते माणूस असतं, कधी एखादं साल असतं, कधी एखादी खोली. ज्याला आपल्या घरातली ती गप्प जागा सापडलीय, त्याच्याकडे चित्रपट आहे. ज्याला सापडलेली नाही, त्याच्याकडे अल्बम आहे.

‘वारसा’ या शब्दापासून मात्र जरा जपून राहा. अनुदानाच्या अर्जात, उद्घाटनाच्या भाषणात तो फार गुळगुळीत होऊन येतो. घरात त्याचा अर्थ वेगळा असतो. वारसा म्हटलं की वारसदार आले, आणि वारसदार आले की वाटणी आली. कुणाला घर मिळालं, कुणाला कर्ज, कुणाला आडनाव, कुणाला नुसतीच आजोबांची चिडकी शीर. एकाला मिळालेलं दुसऱ्याला मिळालेलं नसतं. चित्रपटात मी ही वाटणी शोधतो. जिथे वारसा काचेच्या कपाटात मांडून ठेवलाय, दिवे सोडलेत आणि सगळे भाऊ एका सुरात त्याचं कौतुक करताहेत, तिथे मला माहितीपट कमी आणि जाहिरात जास्त दिसते.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने आपल्या आईवर बावीस मिनिटांचा माहितीपट पाठवला होता. तो पाच-सहा वर्षांचा असताना आई दीड वर्ष घर सोडून गेली होती आणि मग परत आली. त्या दीड वर्षाबद्दल घरात कुणीच बोलत नाही. चित्रपटात आई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय. मुलगा कॅमेऱ्याच्या मागून विचारतो, ‘तेव्हा कुठे होतीस?’ आई एका चादरीची घडी घालते. उलगडते. पुन्हा घालते. कडा जुळत नाहीत म्हणून परत उलगडते. तिसऱ्यांदा घडी घालून ती चादर बाजूला ठेवते आणि म्हणते, ‘तुझा तो निळा शर्ट धुवायला टाकलास का?’ तिथे कट आहे. बाकीचा चित्रपट बेताचाच होता, आवाज तर वाईट होता, एका ठिकाणी माइकची वायर फ्रेममध्ये दिसत होती. पण त्या चादरीवर मी तो निवडला. समितीतल्या एका बाईंचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, आई कुठे गेली होती ते शेवटपर्यंत कळतच नाही. प्रदर्शनानंतर पाऊण तास प्रेक्षक हलले नाहीत आणि आई कुठे होती हे एकानेही विचारलं नाही. आपापल्या घरातलं साल मात्र बऱ्याच जणांनी सांगितलं.

त्याच वर्षी दुसरी एक प्रवेशिका होती: तीन पिढ्यांचं स्थलांतर, नकाशे, जुनी कागदपत्रं, इतिहासाच्या दोन प्राध्यापकांच्या मुलाखती. अभ्यास पक्का होता. पण करणाऱ्याने आपल्या वडिलांना एकही अडचणीचा प्रश्न विचारला नव्हता. तो आम्ही घेतला नाही. त्या निर्णयाबद्दल आजही माझ्या मनात थोडी रुखरुख आहे, कारण अभ्यासालाही किंमत असते. पण चूक करायचीच तर या बाजूची करावी असं मला वाटतं.

या सगळ्यात एक जुनी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कौटुंबिक चित्रपट हा सिनेमाइतकाच जुना आहे. 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जे दहा छोटे चित्रपट दाखवले, त्यात एक घरगुती होता: ऑगस्त ल्युमिएर, त्यांची पत्नी आणि त्यांची तान्ही मुलगी आंद्रे बागेत टेबलाशी बसलेत आणि बाळाला भरवताहेत. मिनिटभराचाही नाही. यात मला सगळ्यात रस वाटतो तो फ्रेममध्ये नसलेल्या माणसाचा. कॅमेऱ्यामागे भाऊ लुई आहे.

पुढे घरोघरी कॅमेरे गेले. 1923 साली 16 मिलिमीटर रुंदीची फिल्म आली, 1932 साली तिच्याहून स्वस्त 8 मिलिमीटर, 1965 साली तिचंच सुधारलेलं रूप, सुपर 8. कॅमेरा बहुतेक घरांत बापाच्या हातात. म्हणून जुन्या घरगुती रिळांत आई हसताना दिसते, मुलं पळताना दिसतात आणि बाप कुठेच नसतो. व्हिडिओ कॅसेट आल्यावर निदान त्याचा आवाज ऐकू यायला लागला, ‘इकडे बघ, हात हलव’ एवढाच. शिवाय रीळ महाग आणि तोकडं. सुपर 8 चं एक काडतूस 50 फुटांचं, सेकंदाला 18 चौकटींच्या गतीने 3 मिनिटं 20 सेकंदांत संपायचं. एवढ्याशा जागेत माणसं वाढदिवस, सहल, लग्न, नवी गाडी भरायची. भांडण, आजारपण, नोकरी गेल्याची संध्याकाळ यांचं रीळ कुणी काढलं नाही. म्हणजे ‘जुनं फुटेज’ म्हणून जे हाती येतं तो घराने स्वतःबद्दल ठरवून ठेवलेला जबाब असतो. तो तसाच्या तसा वापरणारे चित्रपट गोड होतात. त्या जबाबाची उलटतपासणी घेणारे चांगले होतात.

सारा पॉली या कॅनडाच्या दिग्दर्शिकेने 2012 साली ‘स्टोरीज वी टेल’मध्ये ही उलटतपासणी फार पुढे नेली. आईच्या आयुष्यातल्या एका लपलेल्या गोष्टीबद्दल ती भावंडांना, वडिलांना, आईच्या मित्रांना समोर बसवून बोलतं करते, आणि प्रत्येकाची हकीकत दुसऱ्याच्या हकिकतीला धक्का देते. मध्येमध्ये सुपर 8 ची जुनी दृश्यं येतात. त्यातली कितीतरी नट घेऊन नव्याने चित्रित केलेली आहेत आणि हे बघणाऱ्याला उशिरा कळतं. काही जणांना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही, कारण आठवण नेमकी असंच करते. पण विभाग लावताना अशा चित्रपटाच्या शेजारी साधा, हातचं काही न राखणारा चित्रपट ठेवा, म्हणजे प्रेक्षक दोन्हींकडे जरा संशयाने बघतील.

दुसरं टोक म्हणजे बेल्जियमची दिग्दर्शिका शांताल अकरमान. 1976 च्या ‘न्यूज फ्रॉम होम’मध्ये न्यूयॉर्कचे रस्ते आणि सबवे दिसत राहतात आणि त्यावर आईने ब्रसेल्सहून पाठवलेली पत्रं ती स्वतः वाचते. पत्रांत विशेष काही नाही: पत्र का आलं नाही, तब्येत कशी आहे, अमक्याचं लग्न ठरलं. कधीकधी गाडीच्या खडखडाटात आईचे शब्द ऐकूच येत नाहीत. जवळपास चाळीस वर्षांनी, 2015 मध्ये, ‘नो होम मूव्ही’त तीच आई ब्रसेल्सच्या घरात म्हातारी झालेली दिसते. आई ऑशवित्झमधून वाचलेली. त्या विषयावर दोघी जेमतेम बोलतात. हे दोन चित्रपट पाठोपाठ दाखवता आले तर ‘कुटुंब, ओळख, वारसा’ या तीन शब्दांवर परिसंवाद भरवायची गरज उरत नाही. थिएटर अर्धं रिकामं होईल, याची तयारी ठेवा.

समितीत कुणी म्हणालं की घरगुती विषय म्हणजे छोटा विषय, तर त्यांना एवढंच सांगा: ‘साइट अँड साउंड’ नियतकालिक दर दहा वर्षांनी जगभरातल्या जाणकारांचा कौल घेतं. 2012 साली दिग्दर्शकांच्या कौलात पहिला आला जपानच्या ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’, म्हातारे आईवडील मुलांकडे राहायला जातात एवढीच गोष्ट. 2022 साली समीक्षकांच्या कौलात पहिला आला अकरमानचाच ‘जान दिएलमान’, एका आईचे घरातले तीन दिवस, लांबी तीन तास वीस मिनिटं.

आता ओळख. हा शब्द प्रवेशिकेच्या फॉर्मवरच गोंधळ घालतो. ‘देश’ आणि ‘भाषा’ असे दोन रकाने असतात आणि या विभागातल्या निम्म्या लोकांना नेमके तेच भरता येत नाहीत. मोठमोठ्या संस्थांनाही ते जमलेलं नाही. नायजेरियाच्या जेनेव्हिव्ह एन्नाजीचा ‘लायनहार्ट’ ही बापाची बस कंपनी सांभाळणाऱ्या मुलीची गोष्ट. 2019 मध्ये ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागातून तो बाद झाला, कारण त्यातले बहुतेक संवाद इंग्रजीत आहेत. नायजेरियाची राजभाषाच इंग्रजी आहे. त्याच्या उलट ‘मिनारी’: अमेरिकेत घडणारा, अमेरिकन कंपन्यांनी काढलेला, अमेरिकन दिग्दर्शकाचा चित्रपट, पण घरात कोरियन बोलतात म्हणून 2021 च्या गोल्डन ग्लोबमध्ये तो परभाषी विभागात ढकलला गेला आणि तिथे जिंकला. तुमच्या फॉर्मवर या रकान्यांच्या खाली दोन मोकळ्या ओळी ठेवा. लोक तिथे जे लिहितात ते कित्येकदा त्यांनी जोडलेल्या सारांशापेक्षा चांगलं असतं.

चित्रपटातली ओळख खरी आहे की मांडलेली, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. संवाद घरातल्यांसाठी आहे की पाहुण्यांसाठी? घरात कुणी आपल्या सख्ख्या बहिणीला ‘आपल्या समाजात अशी पद्धत आहे ना’ असं म्हणत नाही. बहिणीला ती पद्धत माहीत असते. हे वाक्य पाहुण्यासाठी आहे, आणि इथे पाहुणा म्हणजे परदेशातला महोत्सव. असं वाक्य आलं की मी वहीत एक फुली मारतो. तीन फुल्या झाल्या की चित्रपट कुणासाठी बनवलाय ते कळतं. रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ 2025 साली सनडान्स या अमेरिकेतल्या महोत्सवाला गेला आणि जागतिक विभागातल्या कथापटांचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक घेऊन आला. वडील गेल्यानंतर गावी आलेला मुलगा, लग्नाचा विषय काढत राहणारे नातेवाईक, आणि लहानपणीचा एक मित्र. त्यात पाहुण्यांसाठी काहीही सोपं करून ठेवलेलं नाही, आणि पाहुण्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

पाहुण्यांवरून सबटायटलचा मुद्दा आला. या विभागाचा घात कुठे होत असेल तर इथे. आपल्याकडे आत्या, मावशी, काकू, मामी ही चार वेगळी माणसं आहेत आणि इंग्रजी सबटायटलमध्ये चौघी ‘आंट’ होतात. मी एकदा एक लघुपट परीक्षक मंडळासोबत पाहिला. एका जुन्या घराच्या विक्रीवरून भाऊ आणि त्याची बहीण यांच्यात पेच आहे, आणि गोष्ट आहे भावाच्या मुलीच्या बाजूने. ती त्या बाईला ‘आत्या’ म्हणते. त्या हाकेतच सगळं आहे: ही बाई बापाची बहीण, म्हणजे तिचाही या घरात वाटा. सबटायटलमध्ये नुसतं ‘आंट’. मंडळातले दोन परदेशी पाहुणे चित्रपट संपल्यावर विचारू लागले, ही बाहेरची बाई घराच्या व्यवहारात नाक का खुपसतेय? सगळा तोल गेला. दिग्दर्शिकेला कळवल्यावर तिने एकच बदल केला. पहिल्या हाकेला ‘बाबांची बहीण’ असा अर्थ दिला आणि पुढे सगळीकडे ‘आत्या’ हाच शब्द रोमन लिपीत ठेवला. पुढच्या महोत्सवात तो प्रश्न कुणी विचारला नाही.

म्हणून निवड झाली की दिग्दर्शकाकडून सबटायटलची फाइल वेगळी मागवा आणि ती भाषा न येणाऱ्या माणसाला चित्रपट दाखवा. त्याने फक्त एक काम करायचं, कोण कुणाचं कोण ते कागदावर काढायचं. तो चुकला तिथे सबटायटल चुकलंय. ढोबळ हिशेब असा की एका वेळी दोनच ओळी, रोमन लिपीत ओळीला चाळीसच्या आसपास अक्षरं, आणि वाचणाऱ्याला सेकंदाला पंधरा-सतरा अक्षरांपेक्षा जास्त पळवायचं नाही. घरातली माणसं एकमेकांवर बोलतात, तेव्हा सगळं उतरवायचा मोह होतो. सोडून द्या. भांडणात पहिलं आणि शेवटचं वाक्य पोचलं तरी पुष्कळ झालं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती मी चुकून शिकलो. एका वर्षी आम्ही एका मुलीचा माहितीपट दाखवला. वडिलांचं दारूचं व्यसन आणि त्यात घराची झालेली परवड. त्यात तिचा भाऊ एका प्रसंगात चिडून दार आपटून निघून जातो. थिएटर भरलेलं, टाळ्या जोरात. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पाचव्या रांगेतून एक तरुण उठला. त्याने माइक घेतला आणि म्हणाला, ‘मी तो भाऊ. मी दार आपटतो त्याच्या आधी ती मला काय बोलली, ते तिने कापलंय.’ एवढंच बोलून तो माइक हातात धरून उभा राहिला. मी सूत्रसंचालक होतो. मी काय करावं? मी म्हणालो, ‘आपण पुढचा प्रश्न घेऊ या.’ अठरा वर्षांत मंचावर मी बोललेलं हे सगळ्यात नालायक वाक्य. तो माइक खुर्चीवर ठेवून निघून गेला. या वेळी दार आपटलं नाही.

तिच्याकडे सगळ्यांच्या सह्या होत्या. कायद्याच्या बाजूने आम्ही मोकळे होतो. पण सही चित्रीकरणाच्या वेळी घेतलेली असते, आणि माणसाला आपण पडद्यावर काय दिसणार आहोत हे तेव्हा माहीत नसतं. त्यानंतर मी निवडपत्राबरोबर एक प्रश्न पाठवतो: यातल्या जिवंत माणसांपैकी कुणी हा चित्रपट पूर्ण पाहिलेला नाही? उत्तर आलं की फोन करतो. चित्रपट बदला असं मी सांगत नाही, तो अधिकार माझा नाही. आधी घरात दाखवा, मग थिएटरात, एवढंच सांगतो. दोनदा असं झालंय की घरी दाखवल्यावर दिग्दर्शकाने चित्रपट मागे घेतला. एकदा असं झालं की घरी दाखवतानाचंच भांडण त्याने चित्रित केलं आणि तो चित्रपटाचा शेवट झाला.

लहान मुलं आणि स्मृती गेलेली म्हातारी माणसं यांच्याबाबत मी याहून कडक आहे. रडणारं, उघडंवाघडं, आजारी मूल पडद्यावर येतं तेव्हा होकार आईबापांचा असतो आणि ते दृश्य आयुष्यभर वागवायचं त्या मुलाला असतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने सकाळी दिलेला होकार संध्याकाळी त्याच्यापाशी नसतो. अशा चित्रपटांत कॅमेरा कधी बंद केला गेला हे मी बघतो. तो एकदाही बंद झालेला नसेल तर मला तो नको असतो, मग छायाचित्रण कितीही सुंदर असो.

हक्कांचं थोडक्यात. घरगुती व्हिडिओत मागे टीव्हीवर किंवा रेडिओवर गाणं चालू असतं आणि त्या गाण्याचे हक्क कुणाकडे तरी असतात. दिग्दर्शकाकडून लेखी हमी घ्या. वाढदिवसाचं ते जगप्रसिद्ध गाणंसुद्धा कित्येक वर्षं चित्रपटांतून कापलं जायचं किंवा त्याचे पैसे मोजावे लागायचे. अमेरिकेतल्या न्यायालयाने 2015 साली त्याच्या शब्दांवरचा हक्क फेटाळला आणि 2016 च्या तडजोडीनंतर ते मोकळं झालं. त्याआधीच्या माहितीपटांत मुलं मेणबत्त्या विझवतात आणि गाणं मात्र दुसरंच ऐकू येतं, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

प्रोजेक्शनची तालीम या विभागासाठी वेगळी घ्या. जुनं फुटेज चौकोनी असतं, चाराला तीन या प्रमाणातलं. रुंद पडद्याच्या 1998 बाय 1080 पिक्सेलच्या चौकटीत ते 1440 बाय 1080 बसायला हवं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायला हव्यात. कुणीतरी उत्साही माणूस पट्ट्या घालवायला चित्र ताणतो. आमच्याकडे एकदा असंच झालं आणि पडद्यावर बाप दिसल्यावर दिग्दर्शिका अंधारात मोठ्याने म्हणाली, ‘बाबा एवढे जाड नव्हते हो!’ सगळे हसले, ती नाही. तसंच गतीचं. साध्या 8 मिलिमीटरचं घरगुती चित्रण सहसा सेकंदाला 16 चौकटींनी झालेलं असतं. ते चौकटीला चौकट असं 24 च्या गतीत चढवलं की माणसं दीडपट वेगाने हलतात. आजोबा दुडकत चालताना दिसले तर ते आजोबांचं चालणं नव्हे, फिल्मचं डिजिटल ट्रान्सफर चुकलंय. निवड कळवतानाच हे सांगितलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. थिएटरात चालणारी अंतिम डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, आदल्या रात्री हातात आली की काही करता येत नाही.

क्रम लावताना मी विषयाने जुळणारे चित्रपट शेजारी ठेवत नाही. तीन आज्या एकापाठोपाठ आल्या की तिसरीला न्याय मिळत नाही. नव्वद मिनिटांच्या लघुपटांच्या सत्रात मी एकमेकांशी भांडणारे चित्रपट लावतो: घर सोडून गेलेल्या मुलाच्या चित्रपटानंतर मागे राहिलेल्या बहिणीचा. कथापट आणि माहितीपट मिसळतो. शार्लट वेल्सच्या ‘आफ्टरसन’ (2022) या कथापटात बापलेकीची सुट्टी मिनीडीव्ही या छोट्या कॅसेटच्या कॅमेऱ्यावर टिपलेली दिसते आणि ती खऱ्या घरच्या कॅसेटइतकीच लागते. असं काही पाहून आलेला प्रेक्षक पुढच्या माहितीपटातल्या खऱ्या कॅसेटकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतो. सगळ्यात जड चित्रपट सत्राच्या शेवटी ठेवायची पद्धत आहे. मी तो शेवटून दुसरा ठेवतो. शेवटी काहीतरी छोटं, जरा खट्याळ. लोकांना रस्त्यावर जाऊन गाड्या चालवायच्या असतात.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न तुम्हीच विचारा आणि तो कामाचा विचारा: हा शॉट किती वेळ चालू ठेवला होता, कॅमेरा कुठे ठेवला होता. नाहीतर पहिला माइक घेणारा ‘तुमच्या आईला आता कसं वाटतं?’ असं विचारतो आणि दिग्दर्शक मंचावर रडायला लागतो. प्रेक्षकांना ते आवडतं. मला आवडत नाही. घरची माणसं थिएटरात असतील तर आधी त्यांना बाजूला घेऊन विचारा, ओळख करून दिलेली चालेल का. उभं राहायला लावू नका.

जमलं तर एक सत्र निवडीबाहेरचं ठेवा. लोकांनी आपल्या घरातली रिळं, कॅसेटी घेऊन यायचं आणि सगळ्यांनी मिळून बघायचं. ‘होम मूव्ही डे’ या नावाने काही अभिलेखपालांनी 2003 साली हे सुरू केलं आणि आता कितीतरी देशांत ते होतं. एक पथ्य कडक पाळा: रीळ थेट प्रोजेक्टरवर चढवायचं नाही. आधी जाणकाराने ते तपासायचं. जुनी फिल्म आकसलेली असते, तिची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत आणि ती फाटते. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मच्या पट्टीचं अ‍ॅसिटेट सडायला लागलंय, ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवून लवकर डिजिटाइझ करायचं. या सत्राला जाहिरात लागत नाही. मी पाहिलेल्या सत्रांत सगळ्यात जास्त हशा आणि सगळ्यात लांब शांतता इथेच होती, कारण निवेदन आयत्या वेळी घरच्याच माणसांचं असतं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ते दुरुस्त करतं.

राहिले नाकारलेले हातपट. नकाराचं छापील पत्र पाठवू नका, निदान या विभागात तरी. दोन ओळी स्वतःच्या लिहा, त्यात चित्रपटातली एखादी जागा नावानिशी असू द्या, म्हणजे तुम्ही तो बघितलाय हे कळतं. तीनेक वर्षांपूर्वी एका मुलाला असं पत्र गेल्यावर त्याचा फोन आला. निवडीबद्दल वाद नव्हता. आजी एक्क्याण्णव वर्षांची आहे, तिला एकदा स्वतःला मोठ्या पडद्यावर बघायचंय, काही करता येईल का. महोत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी तांत्रिक तालीम असते, थिएटर रिकामंच असतं. मी त्याला चौदा मिनिटं दिली. आजी काठी टेकत आली, मधल्या रांगेत बसली. हात आले, अल्बम आला, पियानो सुरू झाला. मिनिटभराने आजी मागे वळून प्रोजेक्शनच्या खिडकीकडे बघत ओरडली, ‘अरे तो बाजा बंद करा, मी काय बोलतेय ते ऐकू येत नाहीये!’

नातवाने पुढच्या वर्षी पियानो काढून तो चित्रपट पुन्हा पाठवला. आम्ही घेतला.